देवीला बांधायचा दिवस

ग्रीकांच्या समोस बेटावर वर्षातून एकदा हेरादेवीला बांधून ठेवतात. का, तर ती पळून जाईल म्हणून. फार पूर्वी चाच्यांनी तिची लाकडी मूर्ती देवळातून उचलून गलबतात घातली. गलबत काही केल्या हलेना, तेव्हा घाबरून त्यांनी ती किनाऱ्यावरच टाकली आणि पोबारा केला. सकाळी लोकांना मूर्ती पाण्याजवळ दिसली. चोरांचा संशय घ्यायचं सोडून त्यांनी देवीचाच घेतला. आपणहून चालत आली असणार, निघाली असणार कुठेतरी! मग काय, निरगुडीच्या फांद्यांनी तिला करकचून बांधलं. तेव्हापासून दर वर्षी मूर्ती किनाऱ्यावर नेतात, न्हाऊ घालतात, सातूच्या वड्या पुढे ठेवतात आणि पुन्हा बांधतात. आणि ही लग्नाची देवी बरं का. बायकांनी नवऱ्याच्या घरी नीट नांदावं म्हणून साकडं घालायचं ते हिलाच.

या देवीच्या पायाशी लिसिला अकरा दिवस बसून होती. तिला सहावा महिना लागला होता. आधीच्या दोन्ही मुली तिच्या नवऱ्याने, निकोनने, पाचव्या दिवशी टोपलीत घालून डोंगरावर नेऊन ठेवल्या होत्या. जन्मलेलं मूल चुलीभोवती फिरवून घरात घ्यायचं की टोपलीत घालायचं, हे बाप ठरवतो. रिवाजच तसा, त्यामुळे निकोनला कोणी नावं ठेवली नाहीत. दुसऱ्या खेपेला लिसिलाने टोपलीत आपली शाल घातली होती. आठवड्याने ती शाल अंगणात धुऊन वाळत घातलेली तिला दिसली. निकोन काटकसरी माणूस होता.

यंदा सुईणीने पोटावर हात फिरवला आणि निकोनकडे पाहून नकाराची मान हलवली, पुन्हा मुलगीच. त्याच दुपारी लिसिला देवळात पळून आली.

देवीला धरून बसलेल्या माणसाला कोणी ओढून न्यायचं नाही, हा नियम समोसमध्ये कोणीही मोडत नाही. निकोननेही मोडला नाही. तो रोज यायचा, दोन्ही भावांना घेऊन पायरीवर बसायचा आणि तिच्या देखत अंजिरं खायचा. तिला बाहेरून कोणी खायला आणून देणार नाही, एवढी व्यवस्था त्याने केली होती. पुजारीणबाई नैवेद्यातल्या वड्या द्यायच्या, त्यावर ती जगत होती. बाहेर देवीचे मोर दिवसभर ओरडायचे. त्या ओरडण्याने तिचं डोकं फिरायची पाळी आली होती.

"पुरे झालं आता," अकराव्या दिवशी निकोन म्हणाला. "उद्या देवी किनाऱ्याला जाते. मूर्ती गेली की हे देऊळ म्हणजे नुसते दगड. मग कोणाला धरून बसशील?"

लिसिलाने मूर्तीचा पाय आणखी घट्ट धरला.

"आईने तुझ्यासाठी मसुराचं कालवण करायला घेतलंय. मी रागावलेलो नाही गं. चल म्हणजे झालं."

तो खरंच रागावलेला नव्हता. तिला भीती वाटायची ती त्याच्या या न रागावण्याचीच.

तो गेल्यावर थेआनो, म्हणजे म्हातारी पुजारीण, निरगुडीच्या भिजवलेल्या फांद्यांच्या मोळ्या ओढत आत आली.

"कुणाच्या दारात येऊन बसलीस, ठाऊक आहे ना? हिने स्वतःचं पोर लंगडं निघालं म्हणून स्वर्गातून खाली फेकलं."

"ठाऊक आहे, मावशी. पुढे तोच पोरगा लोहार झाला आणि त्याने आईला सोन्याचं सिंहासन धाडलं. ही हौसेने बसली, आणि उठताच येईना. सगळे देव जमले, तरी सुटेना."

"मग?"

"मग तिला कळलं असेल ना, फेकलेलं पोर सुटत नाही ते."

थेआनोने एक मोळी तिच्याजवळ सरकवली. मग आपली वाकडी झालेली बोटं तिच्यापुढे धरून म्हणाली, "माझ्याच्याने आता वळवत नाही. यंदाची दोरी तू वळ."

लिसिला वळायला बसली. दोन मोळ्या संपल्या, तिसरी संपली.

"अगं, देवीची कंबर ती केवढी! तुला काय गलबत बांधायचंय?"

"एक टोक देवीच्या कमरेला, दुसरं माझ्या हातात. दोरी देवीची, तर ती धरणारी मीही देवीच्या आश्रयाला. हो की नाही?"

"असं आजवर कोणी केलेलं नाही."

"करू नये असं कोणी म्हटलंय?"

म्हातारीने दाराबाहेर डोकावून पाहिलं. "तुझा भाऊ पलीकडच्या किनाऱ्यावर मासे मारतो ना? काय त्याचं नाव?"

"फोकोस. त्याच्या नावेवर डोळे रंगवलेत, त्यातला एक पुसला गेलाय."

"मासळीवालीजवळ निरोप धाडते," थेआनो म्हणाली. "माझं नाव कुठे घेऊ नकोस म्हणजे मिळवली."

दुसऱ्या दिवशी बायकांनी मूर्ती खांद्यावर घेतली. मागून लिसिला निघाली, दोरीचं एक टोक देवीच्या कमरेला, काखेत भलंमोठं वेटोळं आणि दुसरं टोक मुठीत. लोक बघून हसले, मग हे चालतं की नाही यावरून भांडले. निकोन पुढे झाला तशी थेआनो कडाडली, "लाव हात! देवीच्या दोरीला हात लावून दाखव!" त्याने हात मागे घेतला.

किनाऱ्यावर देवीला न्हाऊ घातलं, ओट्यावर उभं केलं, कमरेची गाठ आवळली. गाणी सुरू झाली. लिसिला दोरी सोडत सोडत पाण्यात शिरली. जत्रेला आलेल्या होड्यांच्या गर्दीत एका डोळ्याची नाव तिला दिसली. पाणी कमरेपर्यंत आलं आणि दोरी संपली. नाव अजून सात-आठ हात लांब होती. फोकोस त्याहून आत आला असता तर नाव वाळूत रुतली असती.

मधल्या त्या सात-आठ हातांत निकोन आणि त्याचे भाऊ येऊन उभे राहिले.

"नावेत चढायला दोरी सोडावीच लागेल," निकोन शांतपणे म्हणाला. "मी थांबतो. मला घाई नाही."

तिने रात्रभर जागून दोरी वळली, आणि फक्त आपल्या खुंट्याची जागा बदलली. देवळात बसली असती काय किंवा पाण्यात उभी राहिली काय, सारखंच. पाय बधिर झाले. पोटात बाळ जोरात फिरलं. रडू येत होतं, आणि त्या माणसासमोर रडायचं नव्हतं म्हणून तिने मान वळवून किनाऱ्याकडे पाहिलं. ओट्यावर देवी उभी होती, दोरी तिच्या कमरेपासून लिसिलाच्या मुठीपर्यंत ताणलेली. बेटावरची सगळी माणसं त्या दोघींकडे बघत होती.

लिसिलाने दोरीचा मनगटाला वेढा दिला आणि सगळं अंग समुद्राकडे झोकून दिलं.

मूर्ती हलली. पुन्हा एक हिसका, आणि ती पाण्याच्या दिशेने झुकली.

"देवी निघाली!" कोणीतरी किंचाळलं. "धरा! अरे धरा तिला!"

सगळं गाव ओट्याकडे धावलं. निकोनला विचार करायलाही वेळ मिळाला नाही. ज्या एका गोष्टीची भीती त्याला आईच्या दुधाबरोबर पाजलेली होती, ती त्याच्या डोळ्यांसमोर घडत होती. तो पाणी तुडवत धावला, भाऊ मागोमाग, आणि तिघांनी देवीला घट्ट मिठी मारली. बायकोच्या अंगावरून जाताना त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

लिसिलाने मनगटाचा वेढा सोडला आणि पाणी कापत नावेकडे गेली. फोकोसने वल्हं पुढे केलं, काखेत हात घालून तिला वर ओढलं आणि नाव वळवली.

बरंच अंतर गेल्यावर तिने मागे पाहिलं. लोकांनी देवीला सरळ उभं केलं होतं. यंदा कोणी हयगय करणार नव्हतं. पाण्यातली सगळी दोरी ओढून घेऊन ते तिच्याभोवती गुंडाळत होते, कमरेला, छातीला, थेट गळ्यापर्यंत. गुंडाळण्यात निकोन सगळ्यांच्या पुढे होता. एकटी थेआनो हात बांधून बाजूला उभी होती.

लिसिला हमसून हमसून रडायला लागली.

"आता कशाला रडतेस?" फोकोस म्हणाला. "सुटलीस ना?"

"मी सुटले रे," ती म्हणाली. "पण तिला बांधलंय ती दोरी मी वळलीय. फार घट्ट वळलीय."