गाळलेला धूर

कुणाला पटायचं नाही, पण त्या रुमालाला एक डागसुद्धा पडला नव्हता — असं म्हणत ग्यानोबानं खिशातून पांढरा रुमाल काढला, चार बोटांवर ताणला आणि उन्हात धरला. घड्यांच्या रेषा तेवढ्या मळकट, बाकी शुभ्र. रुमाल काढला की लोक रुमालाकडं बघतात, आणि रुमालाकडं बघणारा माणूस गाडीच्या बुडाखाली वाकून बघत नाही, एवढं शहाणपण त्याच्या अंगी कधीचंच मुरलं होतं.

"इंजिन चालू. रेस फुल. अन् ह्योच रुमाल सायलेन्सरच्या तोंडावर बांधलेला," तो म्हणाला. "मशीनवाला खाली वाकला, नाक लावलं, अन् मला म्हणतो, काका, ही गाडी डिझेलवर चालती का उदबत्तीवर?"

रांगेत मागं हळदीच्या पोत्यांचा टेम्पो लावून उभा असलेला रामसिंग हसला. "मामा, मागच्या टायमाला तुमी म्हणला होता, मशीनचा काटा उलटा फिरला."

"काटा आधी फिरला. उदबत्तीचं मागून म्हणला."

हिंगोलीच्या पेट्रोल पंपाच्या कुंपणाला टेकून धूर तपासणारी व्हॅन उभी होती आणि तिच्यासमोर ही रांग — जीपा, टेम्पो, आणि कुणीतरी माशासारखी शेपटी बसवलेली एक वरातीची मोटार. एकाचं काढून दुसऱ्याला लावलेल्या सगळ्या गाड्या, आणि त्यांच्यासारखेच त्यांचे मालक. नवा जिल्हा झाल्यापासून नियम येतच होते. पण नियम येणं वेगळं आणि पथक येणं वेगळं. मागच्या आठवड्यात औंढ्याच्या रस्त्यावर पथक उभं राहिलं आणि ज्यांच्याकडं पीयूसीचा कागद नव्हता त्यांच्या गाड्या ओढून नेल्या. तिकडं गेलेली गाडी परत येते तेव्हा तिच्यात बाभळ उगवलेली असते, असं रामसिंग म्हणायचा, आणि हे खोटं ग्यानोबाच्या तोडीचं असल्यामुळं ग्यानोबाला तो आवडायचा.

ग्यानोबाची जीप तर कागदावर पेट्रोल आणि पोटात ट्रॅक्टर. लिलावातून आणलेल्या जीपचं इंजिन बसलं, तेव्हा मोडीतल्या ट्रॅक्टरचं इंजिन त्यानं आणि बसमतच्या एका फिटरनं तिच्यात घातलं होतं. बॉनेट वर उचललं, पायाखालचा पत्रा कापला, सायलेन्सरची नळी मागच्या बाकाखालून फिरवून नेली. तेव्हापासून ही जीप नांगरलेल्या रानाच्या कडेनं जायला लागली की आपोआप सावकाश होते, नांगराच्या तासाला लागते, आणि बांध आला की वळायला बघते — हे त्यानं इतक्या वेळा सांगितलं होतं की आता रानाच्या कडेनं जाताना खरंच त्याच्या हाताखाली स्टिअरिंग जड व्हायचं.

आज तिला कागद मिळाला पाहिजे होता. जावई भीमराज कापसाच्या ज्या जिनिंगवर होता ती बंद पडली होती, आणि शिरड शहापूरच्या मुली औंढ्याच्या शाळेत नेऊन सोडायचं काम त्याला मिळत होतं. हेडमास्तरांनी एकच अट घातली होती — पीयूसी दाखवा, मग मुली बसवा. मुली मागं बसणार होत्या, लांब बाकांवर, समोरासमोर. रस्त्याची धूळ फार, म्हणून भीमराजनं नवी ताडपत्रीसुद्धा शिवायला टाकली होती. चांगली जाड. वारा जाणार नाही अशी.

ग्यानोबानं रुमालाची घडी केली. घडी मोडून पुन्हा केली.

पुढच्या सीटवर त्याची लेक सपना मांडीवर तान्ह्या पोरीला घेऊन बसली होती. पोरीला डोस पाजायला सरकारी दवाखान्यात नेलं होतं, आणि बाप हिंगोलीला चाललाच आहे तर जाता-येता त्याच्याच गाडीत. सपना मुळातच कमी बोलायची. आई गेल्यापासून तर तिनं आपल्या वाटणीचं बोलणं बापाला देऊन टाकलं होतं, असं बाया म्हणत. पोरीला गुंडाळलेल्या गोधडीचा एक कोपरा सीटवरून खाली लोंबत होता... कोपरा नव्हताच. कोपऱ्याच्या जागी कात्रीनं कापलेली सरळ कड होती, आणि तिच्यातून एक हिरवा दोरा सुटून वाऱ्यावर हलत होता.

त्यानं नजर काढून घेतली. तिनं पाहिलं असेल? गोधडी सपनाच धुते, सपनाच घड्या घालते... नाही. पाहिलं असतं तर बोलली असती. उंदरानं खाल्लं म्हणून सांगता येईल. उंदीर कात्रीनं खातो का? — खातो, आमच्या शिरडचा उंदीर शिंप्याच्या घरात वाढलेला... ओठांवर हसू येता येता थांबलं.

काय करणार होतो मी? नायलॉनच्या साड्यांचा काही उपयोग नाही. धुराची ऊब लागली की वितळून नळीला चिकटतात. सुती पाहिजे, जुनं पाहिजे, धुऊन धुऊन मऊ झालेलं. आणि घरात तसलं एवढंच उरलं होतं — बायकोच्या, लक्ष्मीच्या हिरव्या काठाच्या लुगड्याची गोधडी.

लक्ष्मीबाई पाणी गाळायची. घागरीच्या तोंडावर लुगड्याचा दुपदरी तुकडा, मध्ये बोटानं पाडलेला खळगा, आणि त्यातून हापशाचं गढूळ पाणी वरून ओतताना ती थोडी दम खात थांबायची, कारण तिला दमा होता आणि घागर उचलण्यापेक्षा थांबण्यालाच तिला जास्त जोर लागायचा. पहिल्यांदा धुराच्या तपासणीचं निघालं तेव्हा तो ओट्यावर बसून डोक्याला हात लावून म्हणाला होता, धूर काही ऐकत न्हाई. आणि ती ओतता ओतता सहज म्हणाली होती —

"पाणी गाळत्यात, तर धूर काहून न्हाई गाळता येणार?"

केवढा हसला होता तो. हसता हसताच उठला होता. तिनं स्वतः लुगडं फाडून दिलं. म्हणाली, हे घ्या, हे मऊ हाय, बराबर गाळतंय. तिनंच तुकडा भिजवून पिळला. त्यानं बोळा करून जाळीत घातला, तारेनं आवळला आणि नळीत आत, हात पुरेल तिथवर सारला. व्हॅनवाल्यानं मशीनची सळी घातली, रेस दिली, आणि नळीतून निघाला तो फिकट, आजारी माणसाच्या श्वासासारखा धूर. पास. सपना तेव्हा परकर-पोलक्यातली. पुढच्या सीटवर उभी राहून टाळ्या पिटत होती.

बोळा तिथंच काढणार होता तो. व्हॅनच्या पुढं गेलं की काढायचा, असं ठरलंच होतं. पण समोरून येणाऱ्या जीपवाल्यानं दिव्याची उघडझाप केली — ही डायवर लोकांची भाषा, पुढं पथक हाय — आणि त्याला वाटलं, काळा धूर दिसला तर कागद असून हात दाखवतील. औंढ्यापर्यंत राहू दे. औंढ्यात बाजार होता, गर्दी होती. मग घरीच काढू. मागं लक्ष्मी बाकावर आडवी झाली होती; रस्त्याची धूळ तिच्या छातीला नको म्हणून त्यानं स्वतः खाली उतरून ताडपत्री सोडली, चारी बाजूंनी, दोऱ्या आवळून. ती आतून म्हणाली, बरं झालं. एवढंच म्हणाली... का तेही म्हणाली नव्हती? गाडी चढाला जोर करत होती, सीटखाली काहीतरी फुसफुसत होतं, आणि तो सपनाला सांगत होता की बघ, आता ही गाडी तासाला लागणार. बोळ्यानं अडवलेला धूर बाकाखालच्या सांध्यातून वाट काढत होता. पाणी गाळलं की गाळ फडक्यात राहतो. धूर गाळला की तो कुठं राहतो, हे कुणाला विचारायचं?

मरणाच्या दाखल्यावर डॉक्टरनं दमा लिहिलं. खोटं नव्हतं ते. दमा होताच की. गावही दमा म्हणालं, बुद्धवंदनेला आलेले पाहुणेही दमाच म्हणाले, आणि सगळे जेवून गेल्यावर कुणीतरी सहज विचारलं, ग्यानोबा, गाडी पास झाली म्हणं? — आणि त्यानं तोंड उघडलं तर आतून हा रुमाल बाहेर आला. त्याला स्वतःलाच नवल वाटलं होतं. पांढरा, घडीचा, वासाचा रुमाल... लोक हसले. सुतकी घरात लोक हसले आणि त्याला श्वास आला. त्या दिवसापासून रुमाल त्याच्या खिशात.

"काका, गाडी पुढं घ्या." व्हॅनवाला प्रेमानंद सळी हातात धरून उभा होता. चाळिशीतला, घामेजलेला, कुणाच्याही भानगडीत न पडणारा माणूस. "मागं-पुढं कोण बसलंय त्यांनी उतरा. लेकराला धूर लागंल."

सपना उतरली. गोधडी सावरत गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली. लांब उभी राहा, असं त्याला म्हणायचं होतं. त्याऐवजी तो स्टिअरिंगवर बसला आणि चावी फिरवली. ट्रॅक्टरचं इंजिन खोकलं, हललं, जागेवर आलं. कापलेल्या पत्र्यातून पायाला ऊब लागली. आज बोळा आत नाही ठेवायचा. कागद हातात आला की इथंच, पंपावरच, तार धरून ओढायचा... आणि मग औंढ्याचं पथक? आणि सोमवारी? मंगळवारी? कागद सहा महिने बोलेल, पण धूर रोज बोलणार. भीमराजला आज ना उद्या सांगावंच लागेल की बोळा कसा भिजवायचा. मुलींना काय, खिडकीशी बसा म्हणावं... ताडपत्रीला खिडकी नव्हती.

"मामा," रामसिंग खिडकीशी आला होता. रांगेतले आणखी चार जण त्याच्यामागं. "साहेबाला सांगा की उदबत्तीचं."

प्रेमानंद नळीपाशी उकिडवा बसला होता. "कोणती उदबत्ती?"

आणि ग्यानोबाला बरं वाटलं. गोष्ट आली की सगळं थांबतं. त्यानं एक हात बाहेर काढून रुमाल फडकावला.

"पहिल्या तपासणीची गोष्ट हाय, साहेब. तुमच्या आधीचा मशीनवाला. त्यो म्हणला, ग्यानोबा, ही गाडी पास व्हायची न्हाई. मी म्हणलो, पैज. ह्यो रुमाल काढला, कोरा, नळीच्या तोंडाला बांधला, रेस दाबली की बापा, दाबली की दाबली... पंपावरचे समदे गोळा झाले. सोडून बघितला तर —"

"पांढरा," रामसिंगनं पूर्ण केलं.

"पांढरा कसला, आधी थोडा पिवळा होता, त्यो धुऊन निघाला."

सगळे हसले. प्रेमानंदसुद्धा हसला, सळीचं टोक नळीच्या तोंडाशी नेता नेता. आरशात ग्यानोबाला सपना दिसत होती. तीही हसत असेल असं त्याला वाटलं. ऊन आरशावर पडलं होतं, चेहरा नीट दिसत नव्हता, नुसती गोधडी दिसत होती आणि तिची कापलेली कड.

"रुमाल नव्हता, बाबा."

आवाज चढलेला नव्हता. इंजिनाच्या आवाजाखालून आला, पण सगळ्यांना ऐकू आला.

"आईचं लुगडं होतं. हिरव्या काठाचं. अन् नळीच्या तोंडावर नव्हतं, आत होतं. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमी तार घालून काढलं. मी ओट्यावर होते."

टोकणाऱ्याला उत्तर द्यायला ग्यानोबाला कधी वेळ लागला नव्हता. भर बाजारात त्यानं फौजदाराला गप केलं होतं, निदान तसं तो सांगायचा. त्यानं तोंड उघडलं. काटा आधी फिरला, उदबत्तीचं मागून... उंदीर शिंप्याच्या घरात... काहीच नव्हतं. आत हात घालावा आणि हात पुरेल तिथवर मोकळंच लागावं, तसं. रामसिंग रुमालाकडं बघत नव्हता. कुणीच बघत नव्हतं. सगळे जीपच्या मागच्या बाजूला बघत होते, खाली, आणि प्रेमानंदच्या हातातली सळी नळीपासून वीतभर अलीकडं थांबली होती.

इतकी वर्षं. लग्नात, बाजारात, चहाच्या टपरीवर, जिथं जिथं त्यानं हा रुमाल काढला तिथं तिथं कुठंतरी कडेला ही पोरगी बसलेली असायची. आणि आता त्याला दिसलं की तो दर वेळी थोडा मोठ्यानंच सांगायचा, कडेला ऐकू जाईल असं. साऱ्या जिल्ह्याला पटली नसती तरी चाललं असतं. एका माणसाला पटावी म्हणून सांगितलेली गोष्ट, आणि त्या माणसाला ती कधीच पटली नव्हती. आणि तरी ती ऐकत होती... दर वेळी, शेवटापर्यंत.

"काका," प्रेमानंद म्हणाला. त्याचा आवाज सावध होता. "रेस देताय ना?"

पायाखालच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ वर आली, त्याच्या गुडघ्याला वळसा घालून खिडकीकडं गेली. तो तिच्याकडं बघत राहिला. पाय पेडलवर होता — जड, दुसऱ्या कुणाचा तरी.