जेवायचा पाट

नवऱ्याच्या, शेषेरावांच्या बाकी साऱ्या खोडी अयोध्याबाईनं खपवून घेतल्या, पण हे "झालं" म्हणणं तिला खपेना. रोज सकाळी भिंत धरून, पाय घासत संडासातून बाहेर यायचे. सून विनीता काळजीनं विचारायची, "मामा, झालं का?" हे खाली मान घालून म्हणायचे, "झालं." अन् आत बघावं तर पाण्याची बादली होती तशी काठोकाठ. सुनेसमोर पोटाचं काय बोलायचं, म्हणून ही लाज.

त्या लाजेपायी पोट दगडासारखं झालं. कंपवातानं हात कापायचेच, आता गोळी घेऊनही पाऊल उचलेना. लातूरच्या डॉक्टरनं पोट दाबून बघितलं.

"या दुखण्यात आतडंही मंद होतं. पोट तुंबलं की गोळी लागू पडत नाही. हे पातळ औषध द्या, पाणी पाजा. संडासला बसताना पाय लोंबकळू देऊ नका, गुडघे वर पाहिजेत. उलटी झाली किंवा पोट फुगलं तर लगेच आणा, भरती करावं लागेल."

धोतरावर सांडतं म्हणून शेषेराव पाणीच टाळायचे. अयोध्याबाईनं औषध दिलं, दिवसभर समोर बसून वाटीवाटीनं पाणी पाजलं. पोट काही हललं नाही.

सकाळी कळ आली. पण गावी, शिरूर अनंतपाळला उकिडवं बसायची सवय, अन् इथं लातूरला लेकाच्या घरी उंच कमोड. टाचा टेकेनात. कपाळावर घाम डवरला. अयोध्याबाई तरातरा स्वयंपाकघरात गेली अन् सागवानी पाट घेऊन आली.

विनीता दचकली. "आत्या, हा तर मामांचा जेवायचा पाट. मी दुकानातून स्टूल आणते की."

"दुकान उघडंस्तोवर कळ थांबती व्हय?"

शेषेरावांनी पाय आखडून घेतले. "माझा बाप जेवला त्याच्यावर. मी पाय न्हाई लावायचो."

"तुमच्या बापाचं पोट चालत होतं, म्हणून जेवला. ठेवा पाय."

"न्हाई म्हणलो ना."

ती खाली बसली. एकेक थरथरता पाय उचलून पाटावर ठेवला, वरून तळहातानं दाबून धरला. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं, पण पाय काढले नाहीत. मग ती दार लोटून बाहेर उभी राहिली. आत नुसतं कण्हणं. विनीता फोन हातात धरून, डॉक्टरला लावू का म्हणून खुणेनं विचारत होती. अयोध्याबाईनं हातानंच थांब म्हटलं.

बऱ्याच वेळानं पाण्याचा आवाज आला. दार उघडलं.

"झालं," शेषेराव म्हणाले.

त्यांच्या शब्दावर न जाता तिनं आत डोकावून बघितलं. बादली अर्धी झाली होती. तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला, अन् सुनेदेखत बोलली,

"लई खोटारडे तुम्ही. उद्या न्हाई झालं तर विनीताला तोंडानं सांगायचं, न्हाई झालं. अन् पाट आता हितंच ऱ्हाईल. जेवायला दुसरा बघते."