पंचविसावा प्रश्न

खैरबोडीत धान कापून खळ्यावर आला होता. लसीकरणाचा दिवस नव्हता, म्हणून उपकेंद्रात सकाळपासून माशीसुद्धा फिरकली नव्हती. चंद्रकांता सिस्टरने ट्रॅक्टरांची धूळ येते म्हणून खिडकी लावून घेतली, टेबलावरचे डबे बाजूला सारले आणि चष्मा चढवून परीक्षेचे प्रश्न काढायला बसली.

परीक्षा तिची नव्हती. जिल्ह्यात नर्सबायांसाठी एक नवीन प्रमाणपत्र सुरू होणार होतं. नाव असं, की पूर्ण म्हणेस्तोवर चहा निवावा: ‘सांस्कृतिक संवेदनशील परिचर्या क्षमता प्रमाणपत्र’. अर्थ साधाच होता. आलेल्या बाईची रीतभात, तिची भीती, तिची बोली समजून घ्या आणि मग तिची सेवा करा. हे शिकवायचं कसं आणि कोण शिकलं हे तपासायचं कसं, ते ठरवायला जिल्ह्याच्या मॅडमनी पाच अनुभवी सिस्टर निवडल्या होत्या. बावीस वर्षांच्या नोकरीत चंद्रकांतेला कुणी पहिल्यांदाच ‘अनुभवी’ म्हटलं होतं. एरवी ‘जुनी’ म्हणत.

पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. चोवीस झाले होते. चोविसावा तिने पुन्हा वाचून पाहिला.

‘रुग्णाचे नातेवाईक एखाद्या रूढीचा आग्रह धरत असल्यास परिचारिकेने काय करावे? अ) रागवावे. ब) दुर्लक्ष करावे. क) हसावे. ड) आदराने ऐकून घेऊन समजावून सांगावे.’

‘ड’पुढे खूण करताना तिला वाटलं, हा फारच सोपा झाला. ‘हसावे’वर कोण खूण करणार? पर्याय बदलावा का?

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात डिंपल. शेवटच्या गल्लीतल्या गोदावरीबाईची धाकटी लेक, अकरावीत शिकणारी. पायात चप्पल नव्हती.

“सिस्टरबाई, चला नं लवकर. वहिनी कशीतरीच करून रायली.”

“कोण वहिनी?”

“रुचिता वहिनी. पहाटे पोट्टी झाली तिले. रगत थांबूनच नाई रायलं.”

“रुचिता? ती तर माहेरी गेली ना?”

“नाई गेली. घरीच होती. कोनाले सांगू नोको, म्हने माय.”

कपाटातल्या रजिस्टरात रुचिताच्या नावापुढे ‘माहेरी’ असं लिहिलेलं होतं. चंद्रकांतेच्याच अक्षरात. रुचिता आठव्या महिन्यात तपासणीला आली नाही, तेव्हा गोदावरीबाईने रस्त्यावरूनच सांगितलं होतं आणि हिने ते लिहून टाकलं होतं. घर चारशे पावलांवर होतं. जाऊन पाहिलं नव्हतं.

“सकाळपासून जातंय रक्त? आणि तू आत्ता सांगतेस?”

डिंपलला रडू फुटलं. “सुईण म्हने घाण जाऊन रायली, जाऊ द्या. अन् आंघोळ करून निंगून गेली. माय म्हने, तू शिवू नोको तिले, तुले खळ्यावर जा लागते.”

चंद्रकांतेने बॅग उचलली. चालता चालताच रुग्णवाहिकेला फोन लावला.

खळ्याचं काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती याच तालुक्यातली लेक. बाळंतिणीचा विटाळ पाच दिवस. तिला शिवलेल्या माणसाने धानाच्या राशीजवळ जायचं नाही, लक्ष्मी रुसते. म्हणून ऐन सुगीत बाळंत झालेली बाई कोपऱ्यातल्या खोलीत गोणपाटावर एकटी पडते. भाताची थाळी दारातून आत सरकवतात. पाणीसुद्धा मोजकंच, अंगावर सूज येते म्हणून. सुईण तेवढी शिवते, आणि ती गेली की भिंती.

पण सुगी नव्हती तेव्हा, दोन वर्षांपूर्वी, ह्याच रुचिताला ह्याच गोदावरीबाईने बैलगाडीत बसवून उपकेंद्रात आणलं होतं. तेव्हा आणलं, मग आता का लपवलं?

चंद्रकांतेची पावलं अडखळली. तिला मडकं आठवलं.

त्या दिवशी प्रशिक्षणाच्या तीन पोरी आलेल्या होत्या. रुचिता टेबलावर, मुलगा सुखरूप झालेला, आणि गोदावरीबाई पदराखाली काहीतरी झाकून दाराशी उभी.

“सिस्टरबाई, वार देता का? परसात पुरा लागते. तशीच उघडी रायली, कुत्र्यानं नेली, तं लेकराले बाधते.”

पदराखाली मातीचं नवं मडकं होतं. आत मीठ आणि हळद घालून आणलेली.

नियम असा, की बाळामागून पडलेली वार पिवळ्या पिशवीत टाकायची. तेवढं सांगता आलं असतं. ‘मावशी, वार खोल खड्ड्यातच जाते, कुत्रं पोचत नाही. आणि बाळाची नाळ चार-आठ दिवसांनी गळून पडेल, ती तुम्ही परसात पुरा,’ एवढी दोन वाक्यं. चंद्रकांतेच्या स्वतःच्या आईने तिची वार जांभळीच्या झाडाखाली पुरली होती आणि दर उन्हाळ्यात ती गोष्ट कौतुकाने सांगायची. पण तीन पोरी बघत होत्या. आपण त्या जांभळीखालच्या नाही, हे त्यांना दिसायला हवं होतं.

“लोणचं घालता काय वारेचं, मावशी? मीठ-हळद घेऊनच आलात!”

पोरी खो-खो हसल्या. चंद्रकांताही हसली. टेबलावर रुचिताने भिंतीकडे तोंड फिरवलं. गोदावरीबाईने मडकं पुन्हा पदराखाली घेतलं आणि बाहेर जाऊन बसली.

तो मुलगा दोन महिन्यांचा होऊन न्यूमोनियाने गेला. न्यूमोनिया कागदावर. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, की वार कुत्र्याने नेली.

*

अंगणात गोदावरीबाई उभी होती. चंद्रकांतेला पाहून तिचा चेहरा दगडासारखा झाला.

“तुमी कायले आल्या? कोनं बलावलं?”

“मावशी, बाजूला व्हा.”

“वार पुरली आमी. यावेळी पुरली. आता काई होत नाई तिले.”

न्हाणीमागे ताजी माती दिसत होती. त्याखाली तेच मडकं असणार, दोन वर्षं जपून ठेवलेलं.

खोलीत अंधार आणि रक्ताचा वास. रुचिता भिंतीशी आक्रसून पडलेली. तिच्या कुशीत फडक्यात गुंडाळलेली पोर तेवढी गुलाबी, बाकी सगळं पांढरं: ओठ, नखं, पापण्यांच्या आतली कड. पोटावर हात ठेवला तर दगडासारखं घट्ट लागायला हवं ते लोण्यासारखं लागलं. चंद्रकांतेने इंजेक्शन दिलं, सलाईनची सुई बसवली, बाटली डिंपलच्या हातात दिली आणि पोट चोळायला लागली.

“शिवू?” डिंपलने दारातल्या आईकडे पाहिलं.

“उभी राय तशीच, उंच धर!” बावीस वर्षांत ड्यूटीवर न बोललेली बोली चंद्रकांतेच्या तोंडून आपोआप निघाली.

रुचिताने डोळे उघडले. ओठ हलले. चंद्रकांतेने कान जवळ नेला.

“सिस्टरबाई... रागवू नोका. मी म्हणत होती, दवाखान्यात जाऊ. पन पुन्हा हासले असते... सासूले सहन नसतं झालं.”

“नाई रागवत, माय. नाई वं.”

“पाणी देता?”

दारात गोदावरीबाई चौकट धरून उभी होती. पाण्याचा गडवा तिच्या हाताशी. तिचा हात गडव्याकडे गेला, उंबरठ्यापर्यंत आला, आणि थांबला. खळ्यावर वर्षाची रास पडलेली होती. तिने गडवा उंबरठ्यावर ठेवून आत सरकवला. चंद्रकांतेने तो घेतला आणि रुचिताच्या ओठांना लावला.

रुग्णवाहिका आली ती रस्त्यावरच थांबली. गल्लीत धानाचे भारे उतरवलेले होते. रुचिताला खाटेवर घालून, खाट उचलून न्यावी लागणार होती. खळ्यावरून धावत आलेले पाच-सात बाप्ये अंगणात उभे होते, हात मागे बांधून. त्यांत धनंजय, रुचिताचा नवरा, धुळीने माखलेला.

“बाळंतिणीची खाट हाय बाप्पा,” कुणीतरी पुटपुटलं. “बायाइनंच उचला लागते.”

“अरे, मुडदा असता तं चौघं धावले असते नं?” चंद्रकांता ओरडली. “जित्तीले काहून नाई? धनंजय! बायको कोनाची हाय?”

धनंजयने आईकडे पाहिलं. मग खळ्याच्या दिशेने. मग तो आत घुसला. खाटेच्या एका पायाशी तो, दुसऱ्याशी चंद्रकांता, तिसऱ्याशी सलाईन दातांत धरलेली डिंपल. चौथा पाय बराच वेळ कुणी धरला नाही. शेवटी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर गल्ली तुडवत आला, त्याने धरला.

अड्याळच्या अलीकडे, रस्त्याला तलावाची पाळ लागते तिथे, रुचिताचा चंद्रकांतेच्या मनगटावरचा हात सैल झाला. दवाखाना आठ किलोमीटरवर होता. पोट चोळणं चंद्रकांतेने थांबवलं नाही. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी तिचे हात धरून बाजूला केले, तोवर ती चोळतच होती.

दुसऱ्या दिवशी चौघेच काय, चाळीस खांदे आले. मेलेलीला शिवायला हरकत नव्हती. घरी येऊन आंघोळ केली की झालं.

*

तेरवीनंतर चंद्रकांता गोदावरीबाईच्या अंगणात गेली. म्हातारी पोरीला वाटी-चमच्याने दूध पाजत होती.

“कायले आल्या? सरकारचा कागद भराचा राह्यला?”

“नाही, मावशी. माफी मागाले आली.” ती जमिनीवरच बसली. “मी हासली होती. त्या दिवशी.”

गोदावरीबाईने चमचा वाटीत ठेवला.

“मले वाटे, तुमाले आठवत नसंल,” ती म्हणाली. “मोठ्या मानसाइले नाई आठवत.”

चंद्रकांतेने मग तिला ते नवीन प्रमाणपत्र समजावून सांगितलं. नर्सबायांना शिकवायचं, परीक्षा घ्यायची. मी चोवीस प्रश्न काढले, म्हणाली, पंचविसावा माझ्याने होत नाही. तुम्ही येऊन विचारता का?

“मी? मले सही येत नाई बाई.”

“इचारता तं येते नं?”

जिल्ह्याच्या मॅडम भंडाऱ्याला बसत. वाईट बाई नव्हत्या. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला. पण म्हणाल्या, “परीक्षक म्हणून गावातली बाई? नियमात कसं बसवायचं, सिस्टर?”

“खुर्चीवर बसवा, मॅडम. एकच लागेल.” चंद्रकांतेने चोवीस प्रश्नांचा कागद टेबलावर ठेवला. “नाहीतर माझं नाव समितीतून काढा. हे चोवीसच्या चोवीस मला येत होते. शंभर टक्के. रुचिताच्या कामाला एक नाही आला.”

मॅडमनी नियमाचं पुस्तक उघडलं, थोडं चाळलं आणि मिटलं. “आणा त्यांना,” त्या म्हणाल्या.

प्रमाणपत्राच्या पहिल्या वर्गाला सभागृहात चाळीस सिस्टर होत्या. पांढऱ्याशुभ्र, वह्या उघडलेल्या. गोदावरीबाई खुर्चीच्या कडेवर बसली, पाठ न टेकता. पोर मागे डिंपलच्या मांडीवर झोपलेली. माईक पुढे केला तर तिने तो हाताने बाजूला सारला.

“माह्या सुनेचं नाव रुचिता,” ती म्हणाली. “मी वार न्याले मडकं घेऊन आली होती. तुमी हासल्या काहून?”

पंखा फिरत होता. पुढच्या रांगेतल्या एका तरुण सिस्टरने अदबीने हात वर केला. “आजी, वार द्यायची नाही असा नियम आहे...”

“असंल, बाई. तुमचा नियम खराच असंल. मी नियम नाई इचारला. हासल्या काहून, ते इचारलं.”

चंद्रकांता मागच्या भिंतीशी उभी होती. ती पुढे आली आणि गोदावरीबाईच्या शेजारी, सगळ्यांसमोर उभी राहिली. “मी हसले होते,” एवढंच म्हणाली.

मॅडम आभार मानायला उठल्या. पण गोदावरीबाई उठली नव्हती. ती आपल्या उजव्या हाताकडे पाहत होती. भेगा पडलेला, धानाच्या कामाने काळवंडलेला हात.

“अजून एक हाय,” ती म्हणाली. आता ती समोरच्या बायांकडे पाहत नव्हती. “हा तुमाले नाई. तिनं पाणी मांगतलं. गडवा माह्याजवळ होता. मी उंबरठ्यावर ठेवला अन् सरकवला. धानाची रास मी ह्या हातानं भरली. घरी आणली. सोळा पोते झाले.” तिने हात पालथा केला. “धानाले शिवली मी. तिले नाई शिवली. काहून?”

मागे पोर जागी होऊन रडायला लागली. डिंपल तिला घेऊन पुढे आली. गोदावरीबाईने तोच हात लांब केला, मध्येच थांबला नाही, आणि पोरीला छातीशी धरलं.

चाळीस वह्या उघड्या होत्या. चंद्रकांतेने कागदावर पंचविसावा प्रश्न लिहिला, जसा विचारला तसा, बोलीसकट. त्याखाली दुसराही लिहिला. पर्याय दिले नाहीत. उत्तरासाठी जागा मात्र भरपूर सोडली, कारण हा पेपर फक्त नर्सबायांनी सोडवायचा नव्हता.