चढावरचा हँडब्रेक

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीचा हँडब्रेक. पुढच्या दोन सीटांच्या मधे माझी जागा. गाडी धावते तेव्हा मी आडवा पडून असतो आणि ती थांबली की माझं काम सुरू होतं. त्यामुळे प्रवासातल्या गमतीजमती मला फारशा ठाऊक नाहीत. मला आठवतात ते थांबे. त्यातला एक तर मी कधीच विसरणार नाही.

कारखान्यातून नवा आलो तेव्हा मला वर ओढताना पाच खटके वाजले की गाडी जागच्या जागी खिळायची. माझ्याच जोरावर मालकीणबाई चढावर गाडी उचलायला शिकल्या. त्यांना शिकवणारे मास्तर म्हणाले होते, "ब्रेक असावा तर असा!" त्या दिवशी माझी छाती फुगली होती.

मग वर्षं सरली. पाचाचे नऊ खटके झाले. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या माझ्या दोन्ही केबलींना गंज चढला. मेकॅनिकने बजावलं, "ताई, यातली एक केबल उसवत चाललीय. दांडा वर अडकवून ठेवणारे दातेही झिजलेत. बदलून टाकू."

"आज नको हो. उद्या आईला घेऊन मामांकडे जायचंय. आल्यावर बघू."

हे मामांकडे जाणं साधं नव्हतं. आईने आठ वर्षं सख्ख्या भावाचं तोंड पाहिलं नव्हतं. त्या दोघांची आई आठवडाभर हॉस्पिटलमध्ये होती आणि भावाने बहिणीला फोन केला तो ती गेल्यावर. आता मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून लेकीने, म्हणजे माझ्या मालकीणबाईंनी, हट्टाने आईला गाडीत बसवलं. पाच तासांच्या रस्त्यात आई चार वाक्यंसुद्धा बोलली नसेल. तिचा उजवा हात सारखा माझ्यावर होता. घर जवळ आलं तसा त्या हाताला घाम फुटला.

मामांचं घर उभ्या चढावर. गल्ली सरळ खाली मोठ्या रस्त्याला मिळते आणि तिथून ट्रक भरधाव जातात. लेकीने फाटकासमोर गाडी थांबवली. गिअर न टाकताच इंजिन बंद केलं आणि मला वर ओढलं.

"उतर ना, आई."

"मी नाही उतरायची. तुला भेटायचंय ना? तू ये भेटून."

लेक चिडून आत गेली. थोड्या वेळाने मामा काठी टेकत एकटेच बाहेर आले आणि खिडकीशी उभे राहिले. काच अर्धी उघडी होती, पण आईने मान वळवली नाही. इकडे खाली माझी केबल कुरकुरत होती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला कुठला आवाज!

तट्! उसवलेली केबल तुटली. गाडी मागे सरकू लागली.

"अगं, तो दांडा वर ओढ!" मामा ओरडले. "दोन्ही हातांनी!"

आईला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने मला घट्ट पकडलं आणि सगळा जोर लावून ओढलं. उरलेल्या एका केबलीवर सारा भार आला. गाडी थबकली. पण झिजलेले दाते मला धरून ठेवेनात. तिचा हात सुटला असता, तर मीही खाली पडलो असतो.

मामांनी काठी फेकली, कुंपणालगतचा एक मोठा दगड उचलला आणि लंगडत ते गाडीच्या मागे निघाले.

"तिकडे जाऊ नकोस! दादा, बाजूला हो!" आठ वर्षांनी आई भावाशी बोलली ती ही अशी.

"तू सोडू नकोस म्हणजे झालं!"

मामांचा गुडघा वाकेना. शेवटी त्यांनी रस्त्यावर सरळ बसकण मारली आणि दोन्ही हातांनी दगड चाकाखाली रेटला. गाडी तसूभर सरकली, दगडाला टेकली आणि थांबली.

"सोड आता," मामा म्हणाले. आईने सोडलं नाही. लेक धावत आली, तिने गिअर टाकला आणि आईची बोटं एकेक करून माझ्यावरून उचलली.

आई उतरली आणि भावाशेजारी रस्त्यावरच बसली.

"टाके उसवले असते तर?"

"नाही उसवले."

"का नाही कळवलंस मला तेव्हा?"

मामा दगडाकडे बघत म्हणाले, "उद्या बरी होईल, उद्या बरी होईल, असं म्हणत राहिलो. चुकलंच माझं."

आईने काठी आणून दिली, भावाला काखेत हात घालून उठवलं. "चल आत. ऊन किती आहे इथे."

दुसऱ्याच दिवशी त्या गावच्या मेकॅनिकने मला नव्या केबली आणि नवे दाते बसवले.

मित्रांनो, गाडी उभी करताना मला पुरता ओढा, गिअर टाका, चढ असेल तर चाकाखाली दगड लावा. मी कुरकुरलो तर त्याच दिवशी मला दाखवून आणा. त्या दुपारी मी कमी पडलो आणि माझं काम दोन म्हाताऱ्या माणसांना करावं लागलं. याची मला अजून लाज वाटते.