माळावरच्या सळया

आमच्या कागलकडच्या गायरानावर कुणी कधी काही पेरलं नाही, पण अठ्ठ्याण्णव साली प्रमोदिनीबाईंनी लोखंडी सळया पेरल्या. बाई कोल्हापूरच्या, मातीचा अभ्यास करणाऱ्या. प्रत्येक सळईवर लाल पट्टा, तो बरोबर जमिनीला टेकवलेला.

"पावसानं माती गेली की पट्टा वर दिसणार, मावशी," त्यांनी यल्लव्वाला समजावलं. "त्यावरून खालचं तळं गाळानं कधी भरेल ते सांगता येतं. माती फार जात असेल तर माळावर बांध घालू."

"आन् माझ्या शेळ्या?"

"मग चराई काही वर्षं बंद ठेवावी लागेल."

यल्लव्वाच्या कानात बांध शिरलाच नाही. नवऱ्यामागं तिचं घर शेळ्यांवर चाललेलं. चराई बंद म्हणजे चूल बंद. म्हणून दर मोठ्या पावसानंतर ती माळावर जायची आणि पट्टा टेकेपर्यंत एकेक सळई दगडानं ठोकायची. आम्ही बघायचो. आमच्याही म्हशी तिथंच चरत होत्या, मग कोण कशाला बोलतंय!

बाई दिवाळीच्या सुमारास यायच्या, वाकून वाकून मोजायच्या आणि हरखायच्या. इथली माती भलती चिवट, तळ्याला पन्नास वर्षं धोका नाही, असा त्यांचा अंदाज निघाला. बांध दुसऱ्या गावाला गेले. माती काही अंदाज विचारून वाहत नाही. ती जायची तशी जात राहिली.

दुष्काळाच्या साली तळ्यात पाण्यापेक्षा गाळ जास्त. पाण्याच्या आशेनं आत शिरलेल्या दोन शेळ्या रुतून मेल्या. उरलेल्यांना पाजायला पाणी नव्हतं. यल्लव्वानं त्या वडगावच्या बाजारात मातीमोल विकल्या आणि माळावर जायचं सोडलं.

पुढच्या दिवाळीला बाई आल्या, तर सळया चार-चार बोटं उघड्या. त्या धावतच यल्लव्वाच्या दारात आल्या.

"मावशी, एका वर्षात एवढी माती कशी गेली?"

"दरसालच जात हुती की. सळया म्या ठोकत हुते. शेळ्या ऱ्हाव्यात म्हणून."

बाईंनी मोजणीच्या वहीतले मागचे सगळे आकडे खोडले. म्हणाल्या, "मी परत लिहिते. बांध मंजूर करून आणते."

"माती तळ्यात गेली, शेळ्या खाटकाकडं," यल्लव्वा म्हणाली. "आता बांध कुणासाठी घालतायसा, बाई?"