भिंतीत सोडलेली जागा

गवंड्याला सगळे ‘उद्या’ म्हणायचे. कधीही विचारा, त्याचं उत्तर तेच. ताईनं फोन करकरून त्याला भंडावून सोडलं, तेव्हा कुठे तो एका सकाळी दगड, वाळू आणि सिमेंट घेऊन दारात उभा राहिला.

ताईचं पाळणाघर होतं. दुपारी मुलं मागच्या खोलीत झोपायची आणि त्या खोलीच्या खिडकीपासून चार हातांवर मातीची उभी दरड होती. दरडीवर गर्द झाडी, खाली बारीकसा ओहोळ. मागे एकदा मातीचं मोठं ढेकूळ सुटून थेट खिडकीच्या गजांवर आदळलं होतं. तेव्हापासून मुलं झोपली की ताई मात्र टक्क जागी असायची. म्हणून तिला दरडीला दगडी भिंत घालून हवी होती.

गवंड्यानं दरडीला सुतळी लावली आणि मातीतल्या एका भोकातून काहीतरी रंगीत सुसाट बाहेर पडलं.

“अगं बाई, हे काय?” ताई म्हणाली.

वर धाकटीची खोली होती. धाकटी म्हणजे ताईची बहीण. घरीच बसून दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून द्यायची. तिनं खिडकीतून पाहिलं होतं. ती हातातली मेणाची सुरी तशीच घेऊन खाली आली.

पक्षी ओहोळावरच्या फांदीवर बसला होता. चिमणीपेक्षाही लहान, त्यातही निम्मा चोचीचाच वाटावा असा. चोच आणि पाय पोवळ्यासारखे लाल, पोट हळदीसारखं पिवळं, पाठ काळीनिळी, डोक्यावर जांभळट झाक. एवढे रंग अंगावर असून तो पानांच्या सावलीत शिरला की दिसेनासा व्हायचा.

धाकटीनं वनखात्यातल्या मैत्रिणीला फोटो पाठवला. मैत्रिणीचा लगेच फोन आला. “तिबोटी खंड्या आहे तो. पायाला तीनच बोटं असतात. नर-मादी मिळून मातीत हातभर बोगदा खणतात, शेवटी खोली करतात. आत पिल्लं असणार. दोनएक आठवडे कळ काढा.”

“दोन आठवडे?” ताईनं कपाळाला हात लावला. “आणि तोवर माती खाली आली तर? लोकांची लेकरं आहेत माझ्याकडे.”

“मग मुलांना पुढच्या खोलीत झोपवू,” धाकटी म्हणाली.

“आणि तिथला सोफा तुझ्या डोक्यावर ठेवू?”

शेवटी सोफा व्हरांड्यात गेला. गवंड्यानं दोन्ही टोकांकडून भिंत घ्यायची आणि मधली जागा सोडायची, असं ठरलं. “मला काय, मी उद्या बांधीन,” तो म्हणाला आणि ताईलाही हसू आवरलं नाही.

खंड्यांची जोडी दिवसभर खेपा घालायची. कधी बेडूक, कधी पाल, कधी ओहोळातला इवलासा खेकडा. शिकार कपडे वाळत घालायच्या काठीवर आपटून आपटून मऊ केली की स्वारी भोकात. ताई तोंडानं कुरकुरत होती, पण त्या काठीवर कपडे घालायचं तिनं बंद केलं.

मग एका सकाळी पाण्याच्या आवाजानं धाकटीनं खिडकी उघडली. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, पाणी गच्चीच्या पन्हाळीतून दरडीवर पडून खाली ओघळत होतं. वरची माती खाली आली होती आणि भोक बुजून गेलं होतं. काठीवर एक खंड्या चोचीत बेडूक धरून बसला होता. तो भोकाच्या जागी झेपावायचा आणि तसाच परत यायचा.

आदल्या संध्याकाळी ताई गच्चीवर गेली होती, हे धाकटीनं पाहिलं होतं.

“तूच केलंस ना हे?” खाली धावत येताच तिच्या तोंडून निघून गेलं. “भिंतीची घाई झाली होती तुला.”

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. ती टाकीची चावी बंद करून आली, पदर खोचला आणि हातांनी माती ओढायला लागली.

धाकटीनं मेणाची सुरी आणली. वरचा भाग सुरीनं, आतला बोटांनी, असं दोघी हळूहळू उकरत गेल्या. वरची माती पुन्हा ढासळू नये म्हणून ताईनं एका हातानं फळी दाबून धरली होती. बऱ्याच वेळानं सुरी पोकळीत गेली. धाकटीनं दात बघायचा छोटा आरसा आणि बॅटरी आत घातली. आतून किर्रर्र असा आवाज आला. आरशात चार पिल्लं एकमेकांना चिकटून बसलेली दिसली. पिसं अजून नळ्यांतच, त्यामुळे साळिंदरासारखी काटेरी.

“आहेत,” ती म्हणाली. “चारही जिवंत आहेत.”

ताई होती तिथेच चिखलात बसली.

तेवढ्यात गवंडी आला. त्यानं भोकाच्या वर एक चपटा दगड छपरासारखा ठोकून बसवला. मग सगळे घरात जाऊन खिडकीआड उभे राहिले. खंड्या काठीवर बराच वेळ घुटमळला, मग बेडकासकट आत शिरला. तिघांचाही जीव भांड्यात पडला.

गवंडी टाकी बघायला गच्चीवर गेला आणि गंजून तुटलेला बॉलकॉक घेऊन खाली आला. “हा तुटला, म्हणून पाणी थांबलं नाही,” तो म्हणाला. “नवा बसवावा लागेल.”

धाकटी ताईकडे बघेना. “चादरी आणायला गेले होते मी वर,” ताई म्हणाली. “मला भिंत हवी होती गं. पिल्लं मेलेली नको होती.”

“चुकलं माझं.”

“चुकलंच. आता हात धू, मुलं यायची वेळ झाली.”

पण हात धुताना ताईनं धाकटीच्या केसांतला चिखल स्वतःच्या पदरानं पुसला, तेव्हा धाकटीच्या छातीवरचा दगड उतरला.

पुढच्याच आठवड्यात पिल्लं उडाली. सकाळच्या उन्हात एकेक करून भोकाच्या तोंडाशी आली, आईबापांपेक्षा फिक्या रंगांची, चोच अजून लाल न झालेली. शेवटचं पिल्लू आधी खाली नव्या भिंतीवर पडलं, तिथं जरा वेळ भांबावून बसलं आणि मग ओहोळाकडे उडालं. भोक रिकामं झाल्याची आरशातून खात्री करून धाकटीनं गवंड्याला खूण केली.

दगड चढत गेले. भिंत वाळली, तसा सोफा आत आला आणि मुलं मागच्या खोलीत परतली. पहिल्याच दुपारी धाकटी सहज डोकावली, तर पंखा मंद फिरत होता आणि मुलांच्या रांगेत, भिंतीकडे पाठ करून, ताई गाढ झोपली होती. एक मूल जागं होऊन तिच्या बांगड्यांशी खेळत होतं. धाकटीनं त्याला अलगद उचललं आणि दार लोटून घेतलं.