परत आलेला खटला

"खटला गेला लिंकनला," कारकून गसनं सांगितलं. "कंपनीनं उचलून तिथल्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टात नेला."

मार्लिसच्या हातातला कोलाचे, जॅम भरलेला गोड पाव, तसाच राहिला. काउंटीच्या कोर्टात लघुलेखनाच्या यंत्रावर साक्षी टिपण्यात तिचा जन्म गेला होता. सगळे खटले कुंपणांचे, काडीमोडांचे, नाहीतर दारू पिऊन हाकलेल्या गाड्यांचे. धान्यकोठारातल्या स्फोटाचा हा एकच मोठा खटला तिच्या वाट्याला येणार होता. मका घालायला गेलेला जॅन त्यात दगावला, आणि त्याच्या बायकोनं, लिडियानं, कोठाराच्या कंपनीवर दावा लावला.

"नेला कसा?"

"लिडिया नेब्रास्काची, कंपनी इलिनॉयची. भांडण दोन राज्यांतलं असलं की फेडरलचं दार उघडतं."

"आणि मुकादम वेंडेल? दावा त्याच्यावरही आहे. तो तर इथलाच."

"तोच काटा आहे ना. समोरासमोर एकाच राज्याची माणसं आली की ते दार बंद. म्हणून कंपनी म्हणते, मुकादमाला उगीच गोवलंय, त्याचं नाव काढा."

लिंकनला साक्षी टिपायला कोरिन बसणार होती. यंत्रावर बोटं कशी ठेवायची, हे मार्लिसनंच तिला शिकवलेलं.

सुनावणीच्या दिवशी मार्लिस रजा टाकून लिंकनला गेली आणि मागच्या बाकावर बसली. उंच छत, गुळगुळीत लाकूड, आणि खाली नव्याकोऱ्या यंत्रापुढे मोत्यांची कर्णफुलं घातलेली कोरिन.

मधल्या सुट्टीत कोरिन आपणहून आली. "अगं, तू इथे? सांगायचंस तरी, जेवायला गेलो असतो."

"दाताच्या डॉक्टरकडे आले होते."

"इथल्या सगळ्याजणी या खटल्यावर टपल्यात. आला बघ माझ्या नशिबी."

"आला कुठे अजून?" मार्लिस म्हणाली.

वेंडेल त्याच बाकाच्या टोकाला टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. मार्लिसच्या शेजारचं घर त्याचं. हिवाळ्यात तिच्या दारातला बर्फ तोच काढायचा.

"माझं नाव निघेल का गं?" त्यानं हळूच विचारलं.

"कोण जाणे," ती म्हणाली. मनात मात्र एकच धोशा चालला होता: निघू नये, निघू नये. नाव राहिलं तरच खटला काउंटीत परत येणार होता.

न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. "पेट घेणारी धान्याची धूळ साठलेली दिसूनही मुकादमानं धान्य वाहणारा पट्टा चालू ठेवला, म्हणून स्फोट झाला, असं या बाईंचं म्हणणं आहे. ते खरं की खोटं, ते मी ठरवत नाही. पण दावा पोकळ नाही. म्हणजे मुकादमाचं नाव राहतं, आणि हा खटला चालवायचा अधिकारच मला नाही. आला तिथे तो परत जाऊ दे."

मार्लिसनं आधी पाहिलं ते कोरिनकडे. कोरिन यंत्र आवरत होती.

"न्या बाई तुमचा तुम्ही," ती जाता जाता हसून म्हणाली. "मला उद्या दुसरा लागलाय, याच्याहून मोठा."

तिला काही वाटलंच नव्हतं. परतीच्या वाटेवर मार्लिसला तेच सलत राहिलं. वेंडेलशी एक शब्द न बोलताच आपण निघालो, हे घर आल्यावर तिच्या ध्यानात आलं.

मक्याच्या काढणीनंतर खटला काउंटीत उभा राहिला. मार्लिसनं इस्त्रीचा निळा झगा घातला होता. वेंडेल साक्षीला बसला.

"धूळ दिसत होती तुम्हाला?" लिडियाच्या वकिलानं विचारलं.

"दिसत होती."

"मग पट्टा का नाही थांबवला?"

"ट्रकांची रांग लागली होती. कचेरीतून सारखे फोन. म्हटलं, एवढे ट्रक होऊ देत, मग झाडून घेऊ." तो थांबला. "जॅन मला हात करून आत गेला."

पुढचं त्याच्या ओठांतच राहिलं. समोर लिडिया मान खाली घालून बसली होती. मार्लिसची बोटं यंत्रावर थबकली.

"जरा मोठ्यानं बोला," न्यायाधीश म्हणाले. "बाईंना टिपून घ्यायचंय."

वेंडेलनं तिच्याकडे वळून पाहिलं. डोळे लाल झाले होते.

"माफ कर, मार्लिस," तो म्हणाला.

भर कोर्टात बोललेला शब्द टिपावाच लागतो. तिनं तोही टिपला.